‘गाईड कशाला?’ या प्रश्नाला विजापूरचे उत्तर

“गाईड कशाला? मोबाईलवर सगळं असतंच की!” सोलापूरहून विजापूरला निघालेल्या गाडीत हे वाक्य कोणी ना कोणी बोलतोच. पूर्वी ते पैसे वाचवायला बोलले जाई, म्हणून त्यात थोडा संकोच असे. आता त्याला तत्त्वज्ञानाची झूल चढली आहे. गाईड थापा मारतो, घाई करतो, पाठ केलेले बडबडतो, ओळखीच्या दुकानात नेऊन सोडतो. सबब खरा प्रवासी शहर स्वतः शोधतो, गाईड घेतो तो नुसता सहलीला आलेला. ही मांडणी हल्ली इतक्या आत्मविश्वासाने केली जाते की गाईड घेणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे व्हावे.

या मांडणीतील प्रत्येक आरोपात थोडे तथ्य आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हंपी, बदामी, अहमदाबाद अशा कोणत्याही जुन्या शहराबद्दल हे म्हणता येईल, पण हवेत बोलण्यापेक्षा एकच शहर घेऊ. विजापूर आपल्या सीमेला लागून आहे, सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटर. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुर. मराठी माणसाला वाटते की त्याला हे शहर माहीत आहे, आणि गैरसमजाची सुरुवात इथूनच होते.

पहिला आरोप: गाईड थापा मारतात. मारतात, यात वाद नाही. गोल घुमट हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा घुमट, हे वाक्य तिथे दिवसभर ऐकू येते. गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. रोमच्या पँथिऑनचा ४३ मीटरांहून अधिक, सेंट पीटर्सचा ४१ मीटरांच्या वर, आणि फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमटही याहून मोठाच. हे तिन्ही घुमट गोल घुमटाच्या आधी बांधून झालेले होते. म्हणजे बांधून झाला त्या दिवशीही तो दुसरा नव्हता.

पण हीच थाप मोबाईल मारत नाही का? हेच वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांत, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि आपण ज्याला ‘स्वतः शोधणे’ म्हणतो त्या शोधात पहिल्या झटक्याला समोर येते. गाईडने ते तिथूनच उचलले, किंवा तिथल्यांनी गाईडकडून; कोणी कोणाकडून घेतले हे आता सांगता येणार नाही. फरक इतकाच की गाईडला थांबवून विचारता येते: “पहिला कुठला मग?” तो अडखळला तर तुम्हाला कळते की इथे माहिती संपली आणि पाठांतर सुरू झाले. मोबाईलच्या पडद्याला अडखळताच येत नाही. तो खरे आणि खोटे एकाच ठळक अक्षरात दाखवतो. माझ्या युक्तिवादाचा गाभा एवढाच आहे: शहराविषयी माहिती देणाऱ्या साधनांपैकी उलटतपासणी घेता येते असे साधन एकच, आणि ते म्हणजे समोर उभा असलेला माणूस.

आता थापांचीही प्रतवारी करायला हवी. घुमटाचा क्रमांक ही निव्वळ चूक झाली. मेहतर महालाची गोष्ट निराळी. या नावाचा महाल तिथे नाहीच. आहे ती एका मशिदीची उंच, सडपातळ देवडी, आणि तिच्या सज्ज्यांखालचे दगडी तोडे लाकडात कोरावेत इतके नाजूक आहेत. एकटा आलेला माणूस “महाल कुठे आहे?” असे म्हणत आजूबाजूला बघतो, एक फोटो काढतो आणि जातो. गाईड सांगतो की बादशहा आजारी पडला, ज्योतिषाने सांगितले की उद्या सकाळी जो पहिला दिसेल त्याला धन दे, आणि पहाटे दिसला तो झाडूवाला. त्याने त्या पैशातून ही इमारत बांधली. ही दंतकथा आहे, शिलालेखात ती सापडायची नाही. पण शहरातल्या सर्वांत नाजूक कोरीव कामाचे श्रेय लोकांनी पिढ्यान् पिढ्या एका झाडूवाल्याला द्यावे, ही त्या शहराच्या मनाची नोंद आहे. ती बखरीत नसते, तोंडीच असते. दंतकथा म्हणून ऐकली तर ती थाप उरत नाही.

तिसरा प्रकार मात्र गंभीर आहे आणि तिथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे. काही गाईड गिऱ्हाईक बघून इतिहास विकतात. शहराबाहेर ‘साठ कबर’ म्हणून जागा आहे. एकसारख्या कबरींच्या ओळीच्या ओळी, सगळ्या बायकांच्या. सांगतात की १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून जाण्याआधी अफजलखानाने आपल्या बायकांना मारून इथे पुरले. मराठी पाटी दिसली की ही गोष्ट रंगवून, तिखट-मीठ लावून सांगितली जाते. दुसऱ्या कळपासमोर तीच वेगळ्या सुरात. हे वाईट आहे. पण उपाय काय? गाईड टाळून गेलेला माणूस ही गोष्ट मोबाईलवर अधिक भडक चित्रफितीसकट बघतो आणि पुढे पाठवतो. गाईडबरोबर गेलेला निदान विचारू शकतो, “हे कुठे लिहिलंय?” यावर “लिहिलेलं नाही साहेब, आमचे बाप-आजे सांगायचे” असे उत्तर मिळाले तर ते अतिशय मोलाचे आहे. ही परंपरा आहे, पुरावा नाही, हे तुम्हाला तिथल्याच माणसाने सांगितलेले असते. असे उत्तर देणारा गाईड चांगला. शपथा घालणारा असेल तर त्याला पैसे देऊन मोकळे करावे.

दुसरा आरोप स्वातंत्र्याचा. गाईड आपल्याला बांधून टाकतो, एकटे फिरले की मनाला येईल तिकडे जाता येते. हे ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात स्वतंत्र प्रवासी विजापुरात कुठे जातो? गोल घुमट, इब्राहिम रोजा, मुलूखमैदान तोफ, बारा कमान, वेळ उरला तर जामा मशीद. गाडीची काच वर, नकाशातली बाई सांगेल तिकडे डावे-उजवे. त्याच्या आधी आलेल्या हजारांनी याच पाच ठिकाणांना तारे दिलेले असतात, म्हणून हाही तिथेच जातो. गाईडच्या मागून चालण्यात गुलामगिरी दिसते आणि अनोळखी गर्दीच्या मागून चालण्यात स्वातंत्र्य, हे कसे?

आणि वाटेत काय सुटते ते पाहा. विजापूर हे कोरड्या माळावरचे शहर. इथे लाखो माणसे राहिली ती पाण्याच्या योजनेवर. पश्चिमेला तोरवीहून जमिनीखालून खोदत आणलेला पाण्याचा भुयारी मार्ग, त्यावर ठरावीक अंतराने वर उघडणाऱ्या विहिरी. दक्षिणेला मुहम्मद आदिलशहाने १६५१ मध्ये बांधलेला बेगम तलाव, आणि तिथून शहरात येणारे, चुनेगच्चीत बसवलेले मातीचे नळ. या नळांच्या वाटेवर उंच चौकोनी दगडी मनोरे आहेत, त्यांना ‘गंज’ म्हणतात. पाणी त्यात चढायचे, दाब कमी व्हायचा, गाळ खाली बसायचा आणि पाणी पुढे जायचे. हे गंज आजही रस्त्याच्या कडेला, घरांच्या मागे, टपऱ्यांच्या आड उभे आहेत. त्यांच्यावर पाटी नाही, तिकीट नाही. ज्याला माहीत नाही त्याला ते पडका बुरूज वाटतात. चार तास ‘मनसोक्त’ फिरलेला माणूस अशा दोन-तीन मनोऱ्यांना वळसा घालून जातो आणि शहर पाहिले असे म्हणतो. ज्यामुळे हे शहर जगले ते त्याने पाहिलेच नाही.

किल्ल्यातल्या करीमुद्दीनच्या मशिदीचेही तसेच. १३२० सालची ही वास्तू आदिलशाहीच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधीची, जुन्या देवळाचे खांब घेऊन उभी केलेली. तिथे नागरी लिपीत लेख आहे आणि त्यात ती बांधणाऱ्या सालोटगीच्या सुताराचे नाव आहे. पर्शियन न येणाऱ्या मराठी माणसाला विजापुरात जी थोडी अक्षरे स्वतः लावता येतील, त्यांतली ही. पण अमुक खांबाजवळ उभे राहा आणि इकडे बघा, असे सांगायला कोणी नसेल तर ती अक्षरे दिसत नाहीत.

“हे सगळे पुस्तकात आहे,” असा तिसरा मुद्दा येतो. आहे. हेन्री कझिन्सने विजापूरच्या वास्तूंवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही थक्क करतो. जाण्याआधी त्यातले चार नकाशे जरी पाहिले तरी डोळे तयार होतात. पण त्या नकाशातली मोकळी जागा आता वस्तीने भरली आहे. कुठला गंज कोणाच्या परसात आला, तटाचा कुठला तुकडा पडला, कोणत्या दरवाजाला जायला कुठल्या बोळातून शिरावे, किल्ली कोणाकडे असते, दुपारी दोनला कुठे सावली असते, हे शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ सांगू शकत नाही. ते टांगेवाला सांगतो. विजापुरात टांगे अजून आहेत, आणि कित्येकदा टांगेवाला हाच उत्तम गाईड ठरतो, कारण तो शहर रोज घोड्याच्या चालीने बघतो. वाचून जाणे आणि गाईड घेणे यांत विरोध नाहीच. वाचून गेलेल्यालाच गाईडचा खरा उपयोग होतो, कारण काय विचारायचे ते त्याला ठाऊक असते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एकटा फिरणारा मराठी माणूस विजापुरात जे घेऊन येतो तेच घेऊन परत जातो. त्याच्या डोक्यात आदिलशाही म्हणजे अफजलखान. मधला मजकूर कोरा. ज्या दरबारात शहाजीराजे सरदार होते, ज्याच्या महसुली दफ्तरात मराठी चालत होती, त्या दरबाराचे हे शहर आहे हे त्याला शाळेत कळलेले असते, पण इथे उभे राहून ते आठवत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेतले, ‘किताब-ए-नवरस’ या गीतांच्या ग्रंथात सरस्वती आणि गणपती यांना वंदन केले, आपल्या तंबोऱ्याला मोतीखान असे नाव दिले, संगीतासाठी १५९९ मध्ये नवरसपूर नावाचे वेगळे शहर वसवायला घेतले, आणि १६२४ मध्ये मलिक अंबरने ते लुटून उद्ध्वस्त केले. नवरसपूरचे अवशेष तोरवीच्या बाजूला आहेत. तिकडे मराठी गाड्या वळत नाहीत, कारण यादीत ते नाव नाही. तोरवीला चला असे म्हणणारा कोणी तरी भेटावा लागतो.

मुलूखमैदान तोफेचे पाहा. लोक तिच्या तोंडापाशी, हत्तीला जबड्यात धरलेल्या त्या सिंहमुखापाशी, फोटो काढतात आणि उतरतात. ही तोफ ओतली गेली अहमदनगरला, १५४९ मध्ये, निजामशाहीसाठी. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने तिथून विजापूरला आणली. म्हणजे ही ‘परक्यांची’ तोफ आजच्या महाराष्ट्रातच जन्मली आणि आयुष्याची पहिली ऐंशी-एक वर्षे इथेच होती. १८१८ ते १८४८ विजापूर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होते; राज्य खालसा झाल्यावर, १८५४ मध्ये, इंग्रज अधिकाऱ्यांनी जुन्या सामानाबरोबर या तोफेचाही लिलाव पुकारला. बोली आली दीडशे रुपयांची. लोक तिला पुजतात हे लक्षात आल्यावर विक्री रद्द झाली. म्हणून ती आज बुरुजावर आहे. ही सगळी हकिकत नगर, परांडा, सातारा अशा आपल्याच गावांतून जाते. चांगला गाईड मराठी बोली ऐकताच ती सांगायला घेतो. एकट्याला मात्र तिथे एक मोठी तोफ दिसते.

चौथा आरोप पैशांचा, आणि तो सर्वांत दुबळा. चार माणसांच्या गाडीचे इंधन, टोल, हॉटेलचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांचा हिशेब आपण करत नाही. पण काही शे रुपयांचा गाईड आला की आपल्यातला मुनीम जागा होतो. त्याला पाडून मागतो, “लवकर आटपा, हंपी गाठायचीय” असे बजावतो, आणि मग तो वीस मिनिटांत पाठ म्हणून मोकळा झाला की त्यालाच नावे ठेवतो. गोल घुमटाच्या सज्जात कागद फाडून दाखवणे, टाळी किती वेळा ऐकू येते ते मोजून दाखवणे, कोणी सात म्हणतो, कोणी दहा, हा खेळ गाईडांनी एकट्याने उभा केलेला नाही. तो आपण मागितलेला माल आहे. घाईच्या गिऱ्हाइकाला घाईचा गाईड मिळतो.

त्याच घुमटाखाली, खाली जमिनीवर, कागद फाडण्यापेक्षा मोठे काही दाखवण्यासारखे आहे. सुमारे १८ हजार चौरस फुटांच्या जागेवर एकही खांब नाही. वर मान करा: आठ कमानी एकमेकींना छेदत आत झुकल्या आहेत, चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ त्यांनीच केले आहे. घुमट बाहेर रेटतो, त्या कमानींवरचे बांधकाम आपल्या वजनाने आत रेटते, आणि दोन्ही रेटे एकमेकांना सांभाळतात. दक्षिण दरवाजावर पर्शियन लेखाची तीन वाक्ये आहेत. त्या प्रत्येकाच्या अक्षरांची किंमत मोजली की हिजरी १०६७ हेच साल येते, मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचे, म्हणजे इसवी सन १६५६. आणि मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या खुणेच्या. खरी दफने खाली तळघरात. हे सगळे दहा मिनिटांत सांगून होते. ते सांगणारा गाईड तुम्हाला मिळाला नाही, कारण तुम्ही त्याला “आवाज कुठे येतो ते दाखवा” एवढेच म्हणालात.

मी गाईडांचा वकील नाही. दुकानात नेणारा, कमिशनवर जगणारा, दोन धर्मांना दोन इतिहास ऐकवणारा गाईड शहराचे नुकसान करतो. त्याला लगाम घालणे हे पर्यटन खात्याचे काम आहे: परीक्षा, ओळखपत्र आणि ठळक लावलेले दरपत्रक. पण वाईट डॉक्टर भेटला म्हणून कोणी शल्यक्रिया स्वतः करून घेत नाही. वाईट गाईडवरचा इलाज चांगला गाईड हाच आहे, आणि तो निवडायची कसोटी अवघड नाही. दारातच दोन प्रश्न विचारा. “गंज दाखवाल का?” आणि “तुम्ही सांगता त्यातलं लिहिलेलं किती आणि ऐकलेलं किती?” पहिल्यावर ज्याचे डोळे चमकतात आणि दुसऱ्यावर जो रागावत नाही, तो तुमचा माणूस.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. इब्राहिम रोजाला कोणाच्या आवाजाची गरज नाही. मलिक संदलने बांधलेली ती कबर आणि समोरची मशीद, मध्ये हौद, खिडक्यांच्या जाळ्यांतून दगडात कापलेली कुराणातली वचने, आणि आत अधांतरी राहिल्यासारखे सपाट दगडी छत. “ताजमहाल यावरूनच बांधला,” असे तिथे कोणी कानाशी ओरडत असेल तर त्याला नम्रपणे बाहेर थांबायला सांगावे. वास्तूची माहिती ऐकायला माणूस लागतो, वास्तूपाशी बसायला एकांत. स्वतंत्र फिरण्याचे समर्थक या दुसऱ्या गरजेबद्दल बोलतात तेव्हा बरोबरच बोलतात. त्यांची चूक इतकीच की त्यांनी दुसरी गरज पुढे करून पहिली रद्द केली. क्रम लावला तर दोन्ही साधतात. सकाळी लवकर, शाळांच्या सहली येण्याआधी, गोल घुमटात एकट्याने जावे. आवाजाचा खेळ गर्दीत कळतच नाही. दहा वाजल्यापासून दुपारपर्यंत गाईड किंवा टांगेवाला घेऊन किल्ला, करीमुद्दीनची मशीद, गंज, तट, ताज बावडी, तोफ पाहावी. संध्याकाळ इब्राहिम रोजासाठी एकट्याची ठेवावी.

म्हणून निवाडा असा. हंपीच्या वाटेवर विजापूरला दोनच तास देणार असाल तर गाईड खरोखरच घेऊ नका. तुमचेही पैसे वाचतील आणि त्याचाही वेळ. पण एक पूर्ण दिवस देणार असाल तर अर्धा दिवस गाईड घ्या, त्याला न घासाघीस करता पैसे द्या, घाई करू नका, आणि त्याला इतके प्रश्न विचारा की त्यालाही घरी जाऊन एखादे पुस्तक उघडावेसे वाटेल. विजापूरला चांगले गाईड हवे असतील तर आधी चांगले गिऱ्हाईक तिथे जायला हवे.